आभाळातला पाणवठा

आमच्या वाडीत टीव्ही आला तो फार उशिरा. पण टीव्ही पाहणं त्याआधीच सुरू झालं होतं, आणि ते खळ्यात उभं राहून.

वरच्या वाडीत एका चाकरमान्याने मुंबईहून सेट आणला होता. आत घरातली माणसं, ओट्यावर त्यांची भावकी, आणि खाली खळ्यात आम्ही बौद्धवाडीतले. कोणी 'लांब रवा' म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती. देवळाच्या जत्रेत दशावतार बघताना ज्याची जी जागा, तीच टीव्हीसमोर. डबा नवा होता, बसायची रीत जुनी.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा मास्तर. त्या घरातली पोरं सोमवार ते शनिवार माझ्यासमोर सतरंजीवर बसायची, 'गुरुजी, गुरुजी' करायची. आणि रविवारी सकाळी गुरुजी त्यांच्या खळ्यात उभे. पोरं आतून माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. त्यांना लाज वाटत होती की मला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते दिवस 'रामायण'चे. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ते सुरू झालं आणि १९८८ च्या जुलैपर्यंत चाललं. सरकारी पैशातून, सरकारी मनोऱ्यावरून. त्याच काळात महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होतं. त्यातलं राम-कृष्णाबद्दलचं परिशिष्ट काढून टाका म्हणून गदारोळ उठला, आणि १९८८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. म्हणजे बघा, एकाच सरकारचं एक पुस्तक आणि एकच पडदा. पुस्तकातल्या काही पानांसाठी आम्हाला रस्त्यावर उतरावं लागलं. पडद्यासाठी दुसऱ्या बाजूला काहीच करावं लागलं नाही. दर रविवारी हार घालून, उदबत्ती लावून त्याची पूजा होत होती.

हे आधी सांगतो, कारण पुढे मी खाजगी वाहिन्यांवर बोलणार आहे. कोणी म्हणेल, मास्तरांना सरकारी टीव्हीचा पुळका आहे. नाही. सरकारी टीव्हीनेही आम्हाला खळ्यातच उभं केलं होतं.

*

आता थोडा इतिहास. आपल्याकडे साहित्याचा इतिहास पुष्कळ लिहिला जातो, पेट्यांचा आणि तारांचा कोणी लिहीत नाही. पण माणसाच्या डोक्यात काय भरायचं हे ज्यांच्या हाती, त्यांचा इतिहास आपण नाही लिहायचा तर कोणी?

दिल्लीत दूरदर्शन १९५९ साली सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंग आले. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. आमच्या वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक माणूस गिरणीत. मनीऑर्डर थांबल्या. देशात रंगीत टीव्ही आला ते वर्ष आमच्याकडे पेजेला मीठ शोधायचं वर्ष होतं.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं आणि मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत लोकांनी उपग्रहावरून ते थेट पाहिलं. त्याच वर्षी हाँगकाँगमधल्या ली का-शिंग या धनाढ्याच्या घराण्याने स्टार टीव्ही काढला. त्यांचा उपग्रह एशियासॅट-१. त्या उपग्रहाची कथा ऐकण्यासारखी आहे. १९८४ साली अमेरिकेने तो वेगळ्या नावाने सोडला, तो चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी अवकाशयान पाठवून त्याला परत आणला, दुरुस्त केला, विकला, आणि एप्रिल १९९० मध्ये चीनच्या रॉकेटवरून पुन्हा वर पाठवला. म्हणजे आमच्या आभाळात जे पहिलं बाजारी दूरचित्रवाणीचं भांडं टांगलं गेलं ते सेकंडहॅन्ड होतं. चोरबाजारातला माल डागडुजी करून विकावा तसं.

त्या भांड्यातली एक जागा भाड्याने मिळवली सुभाष चंद्रांनी. हे मूळचे हरियाणातल्या हिसारचे, धान्याच्या व्यापारातले. पुढे टूथपेस्टच्या ट्यूबा बनवणारी कंपनी काढली, १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड काढलं. स्टारवाल्यांनी या जागेचं भाडं वर्षाला ५० लाख डॉलर सांगितलं, बाजारभावाच्या कितीतरी पट. त्यांनी ते कबूल केलं. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. हिंदीतली ही पहिली खाजगी उपग्रह वाहिनी. मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी. गांधीजयंतीला सरकारनेही दुकान उघडलं आणि सावकारानेही.

हा ५० लाख डॉलरचा आकडा मला विसरता येत नाही. कारण दुसरा एक आकडा मला पाठ आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला. अडीच हजारात मुक्या माणसाला तोंड फुटलं. कागद, शाई, एक छापखाना, आणि लिहिणारा बाबासाहेबांसारखा असला की भागत होतं. साधं स्टेन्सिल कापून, रोलर फिरवून, हात काळे करूनही आपल्या लोकांनी अंक काढले. पण आभाळातली जागा अशी हात काळे करून मिळत नाही. बोलायचं साधन जितकं महाग, तितके बोलणारे कमी. आमच्यासारख्यांना वगळण्यासाठी कोणी कायदा करावा लागला नाही. भाडं पुरेसं होतं.

*

हाँगकाँगचं नाव निघालंच आहे तर तिथली एक गोष्ट सांगतो. माझी मुलगी नोकरीनिमित्त बाहेर असते, तिने वाचायला दिलेल्या मजकुरातून मला ती कळली, आणि मला वाटलं, अरे, ही तर आपली गोष्ट.

१९ नोव्हेंबर १९६७ ला तिथे टीव्हीबी नावाची खाजगी वाहिनी सुरू झाली. तिच्यामागे रन रन शॉ हा सिनेमावाला होता. त्याआधी तिथे तारेवरचा टीव्ही होता, त्याला दर महिन्याला पैसे पडत. टीव्हीबी फुकट. जाहिरातीवर चालायचं, अँटेना लावला की दिसायचं. आणि मुख्य म्हणजे तिथल्या रस्त्यावरच्या बोलीत, कँटनीजमध्ये बोलायचं. मोठी, मानाची, ग्रंथांची चिनी भाषा ती नव्हे. त्या काळात हाँगकाँगच्या सिनेमातून कँटनीज जवळजवळ हद्दपार झाली होती, मानाच्या भाषेतलेच सिनेमे निघत. १९७३ साली टीव्हीच्या नटांना घेऊन बहात्तर भाडेकरूंच्या चाळीवरचा एक सिनेमा आला, कँटनीजमध्ये. त्या वर्षी तिथे सर्वांत जास्त तोच चालला. लोकांनी आपलीच बोली आणि आपलीच चाळ पडद्यावर पाहिली. त्यानंतर ती बोली सिनेमातून पुन्हा गेली नाही. टीव्हीबीच्या मालिका कॅसेटींवरून मलेशियात, कॅनडात, जिथे जिथे ते लोक पोटासाठी गेले तिथे गेल्या. पलीकडे चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात १९८० च्या दशकात लोक घरावर अँटेना चढवून चोरून हे कार्यक्रम बघत. त्या अँटेन्याला तिथे माशाच्या काट्याचा अँटेना म्हणत. सरकार ते उतरवायला लावी, लोक पुन्हा चढवीत.

माशाचा काटा! आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आम्हीही ॲल्युमिनियमचे तसलेच काटे माडाच्या उंचीला बांधून फिरवत होतो. एक जण वर, एक जण खाली, 'इला काय? इला काय?' अशा हाका.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. १९७९ साली याच टीव्हीबीच्या एका गाजलेल्या मालिकेत चीनमधून आलेला एक गावठी, अडाणी, भुकेला पोरगा दाखवला. त्याचं नाव आह चान. लोक इतके हसले की पुढे चीनमधून पोटासाठी आलेल्या प्रत्येक गरिबाला 'आह चान' म्हणून चिडवू लागले. नाव मालिकेतलं, ठप्पा माणसांच्या कपाळावर. ज्या पेटीने एका बोलीला मान दिला, त्याच पेटीने एका नव्या माणसाला हलकं केलं. दोन्ही कामं एकाच वेळी, त्याच जाहिरातींच्या पैशावर.

मला वाटतं बाजारी टीव्ही समजून घ्यायचा तर ही दोन्ही कामं एकत्र बघायला हवीत. नुसतं शिव्या देऊन भागत नाही, आणि नुसतं 'आमची भाषा मोठी झाली' म्हणून नाचूनही नाही.

*

आता मराठीकडे या. १५ ऑगस्ट १९९९ ला झीने अल्फा मराठी सुरू केली. २००५ साली तिचं नाव झी मराठी झालं. जुलै २००० मध्ये हैदराबादच्या रामोजी रावांची ई टीव्ही मराठी आली, ती २०१५ पासून कलर्स मराठी. नोव्हेंबर २००८ मध्ये स्टार प्रवाह. स्टार तोवर ऑस्ट्रेलियातून आलेल्या मर्डोकच्या हाती गेला होता. मराठी घरात रात्री काय बोललं जावं हे ठरवणारे मालक हिसारचे, हैदराबादचे आणि सातासमुद्रापलीकडचे. काही जणांना याचंच दुःख आहे. मला ते दुःख नाही. मालक मराठी असता तर आमची वाडी पडद्यावर दिसली असती, अशी खात्री कोण देईल? वरच्या वाडीतला टीव्हीचा मालक तर चांगला आमच्याच गावचा होता.

आमच्या बाजारात केबल आली ती नव्वदीच्या मध्यावर. हळूहळू गावात वायर आली. वरच्या वाडीत आली, मधल्या वाडीत आली, आमच्या वाडीच्या अलीकडच्या व्हाळापाशी थांबली. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, 'खांब नाय, परवडणा नाय.' खांब नव्हता हे खरं. आमच्याकडे नळाची पाइपलाइनही त्याच व्हाळापाशी बरीच वर्षं थांबली होती. वायर असो की पाणी, आधी दुसऱ्याच्या बागेतून यायला लागतं. त्याने वाट दिली तर येणार.

छत्री आली तेव्हा ही अडचण गेली. २००३ साली डिश टीव्ही सुरू झाला, तोही सुभाष चंद्रांचाच. पुढच्या वर्षी सरकारची फुकट छत्री आली. आमच्या वाडीत पहिली छत्री मी लावली, पगारातून. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला. कोणाच्या खळ्यातून यायला नको, कोणाच्या बागेतून वायर आणायला नको. लहरी वरून येतात, ब्राह्मणाच्या कौलावर पडतात तशाच आमच्या पत्र्यावर. विज्ञानाने व्हाळ ओलांडला. आवशीला म्हटलं, 'आता खय्येक उभी रव नको.'

मग आम्ही बसून बघायला लागलो. आणि बसून बघताना कळलं की पेटीच्या आतसुद्धा एक खळं आहे.

त्या घरांतली माणसं कोण? गोखले, सहस्रबुद्धे, देशमुख, पाटील. ई टीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' ही मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालली, तिच्यात देशमुखांचं घर. २०१३ साली गाजलेल्या 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये गोखल्यांचं. पुण्या-मुंबईच्या बाहेर मालिका गेल्या तेव्हा कोल्हापुरात, साताऱ्यात गेल्या. चांगलं झालं, शेतकऱ्याची बोली आली. पण त्या गावांनाही वाड्या असतीलच की. मी वर्षानुवर्षं बघत आलो. मालिकेतल्या घरात निळा झेंडा दिसला नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला नाही, १४ एप्रिल उजाडला नाही. गुढीपाडवा उजाडतो, मंगळागौर उजाडते, वटपौर्णिमा तर तीन-तीन भाग चालते.

याला कारण आहे, आणि ते नुसतं मनाचं कारण नाही, हिशेबाचं आहे. वाहिनी कार्यक्रम विकत नाही, प्रेक्षक विकते. साबणवाल्याला, गाडीवाल्याला. प्रेक्षक मोजायला काही ठरावीक घरांत मीटर बसवतात. २०१५ पर्यंत हे मीटर मुख्यतः शहरांतच होते. ज्याच्या घरात मीटर नाही, त्याचं बघणं हे बघणंच नाही. सबंध सिंधुदुर्ग मोजणीच्या बाहेर, मग आमची वाडी तर बाहेरच्याही बाहेर. २०१५ च्या ऑक्टोबरपासून बार्क या नव्या संस्थेने खेडी मोजायला सुरुवात केली. खेडं मोजलं गेलं तसं खेडं दिसायलाही लागलं. पण मीटर घर मोजतो, त्या घराला पाणी कुठून येतं ते मोजत नाही.

*

२२ फेब्रुवारी २०१६. झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं. चित्रीकरण आमच्याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत. सावंतवाडी-कुडाळ रस्त्यावरचं गाव, अनेकदा एस.टी.तून तिथून गेलो आहे. नाईकांचा वाडा, भावंडांची भांडणं, आणि भुताटकी.

पहिल्या रात्री आवशी ऐंशीच्या घरात होती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण कान शाबूत. ती ताठ बसली. म्हणाली, 'अरे, हे आमच्यासारखे बोलतत!' आणि हसायला लागली. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, माझा गळा भरून आला. मास्तरकी करताना उभ्या आयुष्यात मी पोरांचं 'माका' खोडून 'मला' केलं होतं. निरीक्षक आले की पोरांना आधी दटावत होतो, मालवणीत बोलायचं नाही. तीच बोली आता दिल्ली-दुबईपर्यंत जात होती. मच्छिंद्र कांबळींनी १९८० साली 'वस्त्रहरण' उभं केलं, हजारो प्रयोग केले, तेव्हा मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर मानाने गेली. त्याआधी ती नाटकातल्या रामा गड्याची भाषा. पण नाटकाला तिकीट काढावं लागतं. ही घरात आली.

आवशीने आठवडाभर ऐकलं. मग एका रात्री म्हणाली, 'बोलतत आमच्यासारखे, पण आमची वाडी खय हा रे ह्येच्यात?'

मी उत्तर दिलं नाही. मी पाहिलेल्या भागांत तरी वाडी नव्हती. वाडा होता, वाड्यातला गडी होता, देवचार होता, राखणदार होता, झाडावरची भुतं होती. कोकणातल्या मेलेल्या माणसांना जागा होती. वाडीतल्या जित्या माणसांना नव्हती.

२०१९ साली दुसरा भाग आला. त्यात वाड्याचा मालक अण्णा नाईक. जमीन बळकावणारा, बायकांवर नजर ठेवणारा, खून पाडणारा. आमच्या आज्याने सांगितलेल्या गोष्टींत असे पुष्कळ अण्णा होते. पण मालिकेत तो एका वाईट माणसाचा वाईट स्वभाव झाला. कोकणात खोती नावाची व्यवस्था होती, तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला विधिमंडळात विधेयक आणलं, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले, आणि १९४९ साली खोती कायद्याने गेली, यातलं काही त्या वाड्यात शिरलं नाही. व्यवस्था काढून टाकली की उरतो तो खलनायक. आणि खलनायक चांगला वठला की लोक त्याच्यावर प्रेम करतात. अण्णा-शेवंताची नावं घराघरांत झाली. तो वाडा बघायला पर्यटक येऊ लागले.

मालिका सुरू झाली तेव्हा जिल्ह्यात तक्रारी झाल्या होत्या की यामुळे कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते. बदनामीचं मला फारसं वाटलं नाही. पण अंधश्रद्धेचं माझ्या घरापर्यंत आलं, ते सांगतो.

आमची वाडी १९५७ साली बौद्ध झाली. आवशी तेव्हा नवी सून. बापसाने आणि भावकीने देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले. ती टोपली आवशीच्या डोक्यावर होती. परत येताना तिला भीती वाटत होती की काही होईल. काही झालं नाही. तिचं म्हणणं असायचं, त्या दिवशी माझी मान हलकी झाली. साठ वर्षं आमच्या घरात कौल नाही, गाऱ्हाणं नाही, नारळ उतरून टाकणं नाही.

२०१७ साली माझ्या चुलत भावाच्या मुलीला झटके येऊ लागले. बारा वर्षांची पोर. तिची आई घाबरली. शेजारच्या बाईने सांगितलं, हे बाहेरचं आहे, अगदी टीव्हीत दाखवतात तसंच. आणि तिला गुपचूप एका भगताकडे नेलं. कोंबडा, नारळ, तीन अमावास्या. मला कळलं तेव्हा तीन महिने गेले होते. ती फेफरं होती, साधी औषधाने आटोक्यात येणारी. गोळ्या सुरू झाल्या, आज ती पोर नर्सिंग शिकते आहे. पण त्या तीन महिन्यांत ती एकदा चुलीजवळ पडली. तिच्या डाव्या हातावर डाग आहे.

मालिकेनेच हे केलं असं मी म्हणणार नाही. भगत मालिकेच्या आधीही होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी भगत आहेच. पण पूर्वी भगत कुठेतरी सड्यापलीकडे राहायचा, त्याच्याकडे जायला वाट तुडवावी लागायची, लोक बघतील याची लाज असायची. आता तो रोज रात्री साडेदहाला घरात येत होता, आपल्याच बोलीत बोलत होता, आणि मध्ये मध्ये साबणाची जाहिरात लागत होती. लाज गेली. साठ वर्षांपूर्वी खाडीत सोडलेली टोपली भरतीच्या पाण्याबरोबर परत आली, आणि तीही मालवणी बोलत आली.

*

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. याच झीच्या कंपनीने 'फँड्री' लोकांपर्यंत नेला. २९ एप्रिल २०१६ ला आलेला 'सैराट' याच कंपनीने नागराज मंजुळेंबरोबर बनवला. तोवरच्या मराठी सिनेमातली सर्वांत मोठी कमाई त्याने केली. म्हणजे फेब्रुवारीत भूत आणि एप्रिलमध्ये जातीचं रक्त, दोन्ही एकाच घरातून. १८ मे २०१९ ला स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका सुरू झाली. आमच्या विहारात मोठा सेट लावला, सगळी वाडी बसून बघायची, बायका डोळे पुसायच्या. आवशी तेव्हा नव्हती. ही मालिका झाली हे चांगलंच झालं. पण तिचा अर्धा तास संपला, पुढची मालिका लागली, की जात गायब. जणू जात १९५६ साली बाबासाहेबांबरोबरच गेली. इतिहासात दाखवायला जात चालते. आजच्या स्वयंपाकघरात चालत नाही.

आणि एक गंमत. गोराईला एस्सेलवर्ल्डच्या शेजारी मोठा विपश्यना पॅगोडा आहे, २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. त्याची जमीन सुभाष चंद्रांनी दान दिलेली. आमच्या वाडीची सहल तिथे गेली होती. बुद्धाला जागा दिली म्हणून मी मनात त्यांचे आभार मानले. आणि मनातच विचारलं, साहेब, जमिनीवर दिलीत, तशी आभाळात अर्धा तास दिली असतीत तर?

पण मागणं हे आपलं काम नव्हे. महाडला आपण मागायला गेलो नव्हतो.

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. नंतर सवर्णांनी शेणमुताच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं आणि कोर्टात गेले की हे तळं खाजगी आहे. दहा वर्षं दावा चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आता दुसरा निकाल ऐका. ९ फेब्रुवारी १९९५. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून वाद सुप्रीम कोर्टात गेला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी यांनी सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्या लोकांच्या भल्यासाठी वापरल्या पाहिजेत, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नको. न्यायमूर्तींनी हेही सांगितलं की मूठभर पैसेवाल्यांचीही नको. म्हणजे लहरी हासुद्धा पाणवठाच. बोल्यांच्या ठरावासारखाच हा निकाल कागदावर आहे. सरकारची मक्तेदारी गेली. पैसेवाल्यांची? नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि रिलायन्सकडच्या वाहिन्या एक झाल्या, त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच छपराखाली. झीचं सोनीत विलीन होणं ठरलं होतं, ते जानेवारी २०२४ मध्ये फिसकटलं. २०१९ पासून कर्जापायी सुभाष चंद्रांच्या कुटुंबाची त्या कंपनीतली मालकी चार टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपली. सावकार बदलतात. तळं खाजगीच.

नागपुरात आपल्या लोकांनी आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा अशा वाहिन्या काढल्या, त्या लोकांच्या बळावर चालल्या. तो खरा महाडचा रस्ता. आता खिशात मोबाइलही आहे. ५० लाख डॉलर लागत नाहीत. त्यातही मालक दूरचा आहे, कोणाचं वर दिसावं, कोणाचं खाली जावं हे तोच ठरवतो, हे मी विसरलेलो नाही. पण निदान ओंजळ घालता येते.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या विहारात दर रविवारी मी चार पोरांना घेऊन बसतो. त्यांतली एक ती हातावर डाग असलेली, सुट्टीला आली की येते. वाडीतल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना बोलावतो आणि मोबाइल समोर ठेवून विचारतो. १९५७ साली काय झालं? देव खाडीत कोणी नेले? पाण्यासाठी कुठल्या व्हाळावर जायचात? खोताच्या घरी वेठीला कोण जायचं? संपात काय खाल्लंत? सगळं मालवणीत. मी आता कोणाचं 'माका' खोडत नाही. आजवर एकोणीस माणसं झाली. तिघं त्यानंतर गेली.

माझ्या आवशीचं मात्र राहिलं. ती असताना मला सुचलं नाही. टोपलीची गोष्ट मला आठवते तेवढीच आहे, तिच्या आवाजात नाही.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. तुमच्या वाडीत त्या वेळची कोण कोण जिवंत आहे, ते आज मोजा. मीटरवाला येण्याची वाट बघू नका.